दिवसाढवळ्या फिरणारं भूत

श्रोतेहो, नमस्कार.

‘अहो, पण हा तर उन्हातच फिरतोय!’

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, अंधारात, मागच्या रांगेतून हा आवाज आला आणि सगळा हॉल हसला. पडद्यावर रक्तपिपासू काउंट ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून एका जर्मन गावातून चालला होता. गोष्टीत ती रात्र होती. पडद्यावर मात्र भिंती उन्हाने लख्ख उजळलेल्या. विचारणारा मुलगा तेव्हा बारावीत होता आणि त्याची शंका अगदी रास्त होती. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

सिनेमा होता ‘नोस्फेरातू’. जर्मनीतला मूकपट. १९२१ साली चित्रीकरण झालं आणि ४ मार्च १९२२ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातल्या संगमरवरी सभागृहात तो पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ. शंभर वर्षांनंतर तो पाहताना माणसं कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. मी तो लोकांबरोबर दोनदा पाहिला. पहिल्यांदा कोविडच्या आधी, दुसऱ्यांदा अगदी अलीकडे. हॉल तोच, सतरंज्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्याच, माणसंही बरीचशी तीच. तरी दोन वेगळे सिनेमे पाहिल्यासारखं वाटलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. विस्बोर्ग नावाचं एक कल्पित बंदर. तिथे हुटर हा तरुण घरांची दलाली करणाऱ्या नॉककडे कामाला आहे. नॉक त्याला दूर कार्पेथियन डोंगरात पाठवतो, कारण तिथल्या काउंट ऑरलॉकला विस्बोर्गमध्ये घर घ्यायचं आहे, तेही नेमकं हुटरच्या घरासमोरचं. हुटर बायकोला, एलनला, मित्राच्या घरी ठेवून निघतो. वाड्यावर पोचल्यावर त्याला कळतं की आपला यजमान जिवंत माणूस नाही. मग ऑरलॉक मातीने भरलेल्या शवपेट्या आणि उंदीर घेऊन जहाजाने विस्बोर्गला येतो आणि त्याच्यामागून गावात प्लेग शिरतो. शेवटी एलन स्वतःचा जीव पणाला लावून त्याला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवते. सूर्याचा किरण खिडकीतून आत येतो, ऑरलॉक धुरासारखा विरून जातो आणि एलनही जाते.

ओळखीची वाटली ना? ती ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून घेतली होती, परवानगी न घेता. नावं तेवढी बदलली होती. स्टोकर तेव्हा हयात नव्हते, पण त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ साली जर्मन कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा निकाल दिला. आज आपल्याला हा सिनेमा दिसतो तो काही प्रती त्यातून वाचल्या म्हणून. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘प्राना फिल्म’. हा आपलाच संस्कृतातला ‘प्राण’ शब्द. कंपनीचे एक संस्थापक आल्बिन ग्राऊ गूढविद्येत बुडालेले होते. सिनेमाचे सेट आणि पोशाख त्यांचेच. ‘प्राण’ नावाच्या या कंपनीच्या हातून हा एकच सिनेमा झाला आणि ती बुडाली.

आता पहिला खेळ. प्रत मी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. या सिनेमाच्या तिथे कितीतरी प्रती फिरतात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या असतात. आमची तशीच, राखाडी, अंधूक, चेहऱ्यांच्या कडा विरघळलेल्या. वर कुणीतरी जोडलेलं ऑर्गनचं संगीत, ज्याचा पडद्यावरच्या घडामोडींशी काही मेळ नव्हता. माणसं तुरुतुरु चालत होती. हुटर नाश्त्याला बसला तरी कुणी पाठीमागे लागल्यासारखा. दहाव्या मिनिटाला लोक हसायला लागले आणि मग प्रत्येक गोष्टीला हसत राहिले. शवपेटीचं झाकण आपोआप उचललं जाऊन बसतं, हशा. ऑरलॉकची बग्गी धाड धाड उड्या मारत जंगलातून येते, हशा.

सगळ्यात मोठा हशा पिकला तो तरसाला. हुटर डोंगरातल्या खानावळीत उतरतो. ऑरलॉकचं नाव काढताच तिथली माणसं चरकतात आणि त्याला सांगतात, आज रात्री बाहेर जाऊ नका, लांडग्याच्या रूपात फिरणारा माणूस बाहेर आहे. घोडे उधळतात, बाया एकमेकींना बिलगतात. आणि मग दिसतो तो प्राणी. श्रोतेहो, तो चक्क तरस आहे. अंगावर पट्टे, मागची बाजू उतरती, मोठे टोकदार कान. जर्मन प्रेक्षकाला तो १९२२ साली कुठल्या तरी परक्या मुलखातला भयंकर पशू वाटला असेल. आमच्या पहिल्या रांगेत बसलेले एक निवृत्त वनरक्षक आनंदाने ओरडले, ‘अरे, हे तर आपलं तरस! बिचारं मेलेलं खाऊन जगतं, ते कुणाला काय करणार!’ त्यांचा तो जिव्हाळा मला आजही आठवतो. पण त्यानंतर भीती वाटण्याचा प्रश्नच उरला नाही.

मी घरी आले ती खट्टू होऊन. सिनेमा जुना झाला, संपला, असं म्हणून सोडून द्यावं असं वाटलं. पण त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना. उन्हाच्या किरणाने मरणारं भूत उन्हात कसं फिरतं? मुर्नाऊसारख्या माणसाला हे कळलं नसेल? आणि गंमत पाहा, उन्हाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना मूळ कादंबरीत नाहीच. तिथला ड्रॅक्युला दिवसाही बाहेर पडतो. सूर्यकिरणाने मरण या सिनेमाने आणलं, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या कितीतरी भुतांच्या नशिबी ते आलं. मग ज्यांनी हा नियम घालून दिला त्यांनीच तो मोडावा?

उत्तर रंगात होतं. त्या काळची फिल्म अंधारात काही टिपू शकत नसे, तिला भरपूर उजेड लागे. म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित करत, आणि मग प्रतीचा तेवढा तुकडा रंगाच्या पाण्यात बुडवून काढत. रात्र निळी. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळी. पहाट गुलाबी. १९२२च्या प्रेक्षकाने ऑरलॉकला शवपेटी घेऊन जाताना पाहिलं ते निळ्या रात्रीत. पुढे काळ्या-पांढऱ्या फिल्मवर प्रतीच्या प्रती काढताना तो रंग गळून गेला आणि रात्रीखाली दडलेलं ऊन वर आलं. आमचं भूत दिवसाढवळ्या फिरत होतं ते यामुळे.

वेगाचंही तसंच. तेव्हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. बोलपट आल्यावर २४ चित्रांचा ठराव झाला. जुनी फिल्म त्या वेगाने पळवली की माणसं बाहुल्यांसारखी टुणटुण चालू लागतात, आणि आपण म्हणतो की त्या काळी अभिनयच तसा करत. माझ्या मते मूकपटांवर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. बग्गीची गोष्ट वेगळी, ती मुर्नाऊने मुद्दामच तशी पळवली आहे, जगाचे नियम बदलले हे दाखवायला. त्याच प्रवासात काही क्षण निगेटिव्ह दिसते, झाडं पांढरीफटक आणि आभाळ काळं. पण सगळाच सिनेमा पळत असेल तर ही एक बग्गी पळाल्याचं काय कौतुक राहणार?

दुसरा खेळ जुळून आला माझ्या भाचीमुळे. रॉबर्ट एगर्स यांनी २०२४मध्ये याच गोष्टीवर नवा सिनेमा काढला. तो पाहून ती म्हणाली, ‘मावशी, तो मूळचा परत लावूया ना.’ या वेळी मी नीट तयारी केली. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने २००५-०६च्या सुमारास हा सिनेमा दुरुस्त करून घेतला आहे. त्यासाठी पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये, म्हणजे तिथल्या चित्रपट-संग्रहालयात, जपलेल्या १९२२च्या रंगीत प्रतीचा आधार होता. हान्स एर्डमान यांनी मूळ खेळासाठी रचलेल्या संगीताचा बराच भाग हरवला आहे, पण जे मिळालं त्यावरून ते पुन्हा बांधलेलं आहे. तीच प्रत मिळवली. खिडक्यांना काळे पडदे लावले. आणि त्या बारावीतल्या मुलाला, आता तो पुण्याला नोकरी करतो, मुद्दाम फोन करून बोलावलं.

निळी रात्र पडद्यावर आली. ऑरलॉक पेटी घेऊन चालला. कुणी हसलं नाही. मला स्वतःला त्या दृश्यात पहिल्यांदाच काहीतरी निराळं दिसलं. हा शेकडो वर्षांचा काउंट, याला ओझं उचलायला एक नोकर नाही. आपलं मरण आपणच काखेत घेऊन तो परक्या गावात घर शोधत फिरतो आहे. तो मुलगा खेळ संपल्यावर एवढंच म्हणाला, ‘ताई, मागच्या वेळी हा सिनेमा आम्ही पाहिलाच नव्हता.’

आणि मग प्लेग आला. मागच्या खेळात हा भाग लांबलेला वाटला होता, लोक चुळबुळ करत होते, दोघं-तिघं उठून गेली होती. या वेळी हॉलमध्ये हालचाल थांबली. रस्त्याने दवंडीवाला ढोल वाजवत येतो. कागद उलगडून वाचतो: प्लेगचा संशय असलेल्या रोग्यांना इस्पितळात आणू नये, नाहीतर रोग रस्त्यांतून पसरेल. ऐकणारी माणसं खिडक्या लावून घेतात. एक माणूस दारादारांवर खडूने फुल्या मारत जातो. मग एलन खिडकीत उभी राहून पाहते. अरुंद, सरळ गल्ली. काळ्या कपड्यातली माणसं दोन-दोनच्या जोडीने शवपेट्या वाहून नेताहेत, एकामागोमाग एक, सारख्याच अंतरावर. कुणी रडत नाही. कुणी पेटीजवळ चालत नाही. मुर्नाऊ कॅमेरा हलवत नाही.

आमच्या बाजूच्या इमारतीतले एक काका त्या दिवशी आले होते. २०२१च्या एप्रिलमध्ये काकूंना ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेलं, ती त्यांची शेवटची भेट. मला ऐन वेळी आठवलं आणि धस्स झालं, यांना आधी सांगायला हवं होतं. मी वाकून विचारलं, ‘काका, बाहेर जाऊया का?’ त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘नको. असंच होतं. बघू दे मला.’

हा सिनेमा ज्यांनी काढला त्यांनी हे पाहिलेलं होतं. मुर्नाऊ पहिल्या महायुद्धात सैन्यात होता, विमानं चालवत होता. ग्राऊ सर्बियाच्या आघाडीवर. युद्ध संपता संपता १९१८चा इन्फ्लुएंझा आला, ज्याला आपल्याकडे ‘मुंबईचा ताप’ म्हणत आणि ज्याने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. १९२२ साली बर्लिनच्या त्या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरातून पेटी गेली असेल? भीतिपट म्हणून आपण याच्याकडे पाहतो, दचकायची वाट बघतो, आणि दचकलो नाही की म्हणतो, यात काही दम नाही. मला वाटतं इथे दचकवण्यापेक्षा शोकच जास्त आहे.

आमच्यातल्या सगळ्यात वयस्क, ८६ वर्षांच्या आजींना तर ऑरलॉकपेक्षा उंदरांचीच धास्ती वाटली. पेटीचं झाकण निघतं आणि मातीतून उंदीर बाहेर पडतात, तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘उंदीर पडला की घर सोडायचं!’ त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं हे वाक्य. प्लेगच्या दिवसांत घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं चूल विझवून गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहायची. पुण्यात ज्या १८९७ साली प्लेगने हाहाकार केला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, त्याच साली लंडनमध्ये ‘ड्रॅक्युला’ छापून आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आजींच्या त्या एका वाक्याने शेजारी बसलेल्या मुलांना हे उंदीर कसले ते कळलं.

खेळ संपल्यावर चहाच्या वेळी आणखी एक बोलणं निघालं ते भुतांचं. सिंधुदुर्गातल्या एक काकू म्हणाल्या, ‘हा कसला वेताळ! आमच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून आम्ही त्याला नव्या वाहतो. आणि हा मेला गाव संपवायलाच आलाय.’ रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द वापरला. काकूंचं बोलणं ऐकल्यावर तो शब्द किती तोकडा आहे ते जाणवतं. आपलं भूत बहुधा आपल्याच गावचं असतं, पिंपळावरचं, विहिरीतलं, त्याचं कुणीतरी आपल्या ओळखीचं असतं. ऑरलॉक बाहेरून येतो.

नेमकं हेच माझ्या भाचीला खुपलं. ती म्हणाली, ‘मावशी, मला एक बोचतंय. बाकदार नाक, लांब नखं, परक्या देशातून येतो, घर विकत घेतो, उंदीर आणि रोगराई आणतो. ज्यूंची चित्रं असंच काढायचे ना?’ हा प्रश्न आजचे पुष्कळ प्रेक्षक विचारतात आणि तो टाळता येत नाही. पुढे १९४० साली नाझींनी ज्यूंविरुद्ध जो प्रचारपट काढला त्यात ज्यूंच्या जोडीला उंदरांचे लोंढे दाखवले आहेत. मुर्नाऊच्या मनात तसं काही होतं असं मला वाटत नाही. तो स्वतः समलैंगिक होता, त्या समाजात परका असणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. पण मनात नसलं तरी चित्र आजूबाजूच्या हवेतलं उचलतं, आणि त्या काळच्या हवेत ते विष होतं. मी भाचीला म्हटलं, तुझं खरं आहे, आणि आता दुसरं एक दृश्य परत बघ.

प्लेगने पिसाटलेल्या गावाला कुणीतरी दोषी हवा असतो. वेड्यांच्या कोठडीतून पळालेला नॉक त्यांना सापडतो. सगळा गाव त्याच्यामागे धावतो, दगड मारतो. शेतात एक बुजगावणं उभं असतं, लोक त्यालाच नॉक समजून त्याच्यावर तुटून पडतात. खरा मारेकरी मात्र एलनच्या समोरच्या घरात शांत उभा असतो. नॉकचं काम करणारे नट आलेक्झांडर ग्रानाख ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली. भाचीने ते दृश्य दोनदा पाहिलं. तिची बोच गेली नाही, आणि जावी असं मलाही वाटत नाही.

एक जागा मात्र अशी की जिथे पहिल्या खेळालाही कुणी हसलं नव्हतं. त्या अंधूक, पळत्या, भलत्या संगीताच्या प्रतीतही नाही. जिन्यावरची सावली. एलन खिडकी उघडते, ती त्याला बोलावते आहे. ऑरलॉक आपल्याला दिसतच नाही. भिंतीवर त्याची सावली जिना चढते, पाठीला कुबड, नखं काट्यांसारखी लांब. सावलीचा हात दाराकडे लांबत जातो. मग एलनच्या पांढऱ्या कपड्यावर ती सावली सरकत येते आणि छातीवर मूठ आवळते. एलन कळवळते. माणसाला हात न लावता, नुसत्या सावलीने काळीज मुठीत धरलेलं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकं खरं पाहिलेलं नाही. माक्स श्रेक हा नट या भूमिकेत जवळजवळ काहीच करत नाही. हुटर हातवारे करतो, खदाखदा हसतो, उड्या मारतो, आजच्या प्रेक्षकाला ते जास्त वाटतं. श्रेक फक्त उभा राहतो. म्हणून तोच आज जुना वाटत नाही.

त्या रात्री सगळं आवरून झाल्यावर आजींना घरी सोडायला मी गेले. जिना चढताना त्या मध्येच थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, ‘शेवटी ते कोंबडं आरवलं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला गं. केवढ्याने आरवलं!’

मी म्हटलं, ‘आजी, मूकपट होता. कोंबडं नुसतं दिसलं.’

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. ‘काहीतरीच बोलू नकोस,’ त्या म्हणाल्या, ‘मी ऐकलंय.’